ग्रीसवूडची सपाटी आणि चोपण माती: उत्तर नेवाडातल्या एका रँचचं प्रकरण

चोपण जमिनीवर गाईंसाठी गवत उगवायच्या खटपटीचं हे प्रकरण लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. जागा अमेरिकेतली, उत्तर नेवाडातल्या एका बंद खोऱ्यातली. रँच, म्हणजे गाई पाळायचा मोठा मळा, कुणाची ते सांगत नाही आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्यात. मी मूळची पूर्णाकाठची, आपल्या खारपाणपट्ट्यातली, आता काही वर्षं इथं कुरणांच्या मातीवर काम करते. घरची चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट झालेली, जमीन बघत मोठी झाले म्हणून इथली चोपण जमीन मला लगेच कळेल असं वाटलं होतं, ते किती खरं निघालं आणि किती नाही हे पुढं येईलच.

पार्श्वभूमी

ग्रेट बेसिन म्हणजे पश्चिमेला सिएरा नेवाडा आणि पूर्वेला वासॅच डोंगर, यांच्या मधला अवाढव्य मुलूख, जिथलं पाणी समुद्राला मिळतच नाही. डोंगरावरचा बर्फ वितळतो, पाणी खोऱ्याच्या तळाशी येतं आणि तिथंच सुकतं. हिमयुगात हवा थंड आणि ओली होती तेव्हा या खोऱ्यांत मोठाले तलाव होते, पूर्वेला बॉनव्हिल आणि पश्चिमेला लाहोंटन. ग्रेट सॉल्ट लेक हे बॉनव्हिलचं उरलेलं पाणी, आणि पिरॅमिड लेक, वॉकर लेक हे लाहोंटनचं. संथ पाण्यात सगळ्यात बारीक कण शेवटी खाली बसतात, त्यामुळे तळाला जाड चिकणमाती साठली. मग तलाव आटले. आटताना कॅल्शियम आधी चुनखडी होऊन बाहेर पडला आणि सोडियम पाण्यात राहिला, तो शेवटी त्या चिकणमातीच्या अंगाला चिकटला.

सोडियम चिकटला की काय होतं ते पूर्णेच्या शेतकऱ्याला सांगायला नको. कॅल्शियम मातीचे पापुद्रे एकमेकांना धरून ठेवतो, सोडियमची पकड सैल असते, त्यात पाणी शिरलं की पापुद्रे फुगतात, सुटे होतात आणि ते बारीक कण जाऊन भोकं बुजवतात. पाणी खाली जात नाही, हवा जात नाही, ओलं असताना बूट ओढून घेणारा चिखल आणि वाळलं की वीट. सामू (pH) साडेआठच्या वर, कधी नऊच्याही वर.

आमच्या जागेची उंची साधारण १,३०० मीटर. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून सरासरी १७० मिलिमीटर, त्यातला बराचसा हिवाळ्यात आणि वसंतात. जानेवारीत पारा उणे २० पर्यंत जातो, उन्हाळ्यात दुपार ३८ ची आणि कोरडी ठक्क. सपाटीवर ग्रीसवूड नावाचं काटेरी झुडूप, कमरेएवढं, हिरवंगार मांसल पानांचं, मूळ खूप खोल. झुडपाखाली वाऱ्यानं आणलेल्या मातीचा छोटा उंचवटा असतो आणि दोन झुडपांच्या मध्ये उघडी जमीन, तिच्यावर पांढुरका पोपडा.

रँचकडे स्वतःच्या मालकीचा एक सेक्शन, म्हणजे ६४० एकर, अशा जमिनीचा होता. बाकी चराई सरकारी जमिनीवर. नेवाडात बहुतांश जमीन केंद्र सरकारची आहे आणि १९३४ च्या टेलर ग्रेझिंग अ‍ॅक्टपासून तिथं परवान्यावर चराई चालते, कधी सोडायच्या आणि किती गाई ते परवान्यात लिहिलेलं असतं.

अडचण काय होती

परवाना १ मे पासूनचा. तोवर २२० गाई घरच्या वाळलेल्या गवतावर. एका गाईला दिवसाला ११-१२ किलो धरा, म्हणजे रोजचं अडीच टन. मार्च-एप्रिलमध्ये गाई व्यालेल्या असतात, भूक जास्त, साठा संपत आलेला, आणि विकत घ्यायचं तर दर गगनाला. मालकांची पत्नी हिशेब बघायच्या, त्यांनी मला वहीच दाखवली, एप्रिलच्या पानावर नुसत्या लाल रेघा. तर मागणी अगदी साधी होती: या ६४० एकरांवर एप्रिलमध्ये खायला हिरवं गवत पाहिजे.

मला बोलावलं त्याच्या आधीच एक गोष्ट होऊन गेली होती. २०१६-१७ चा हिवाळा इकडे भरपूर बर्फाचा गेला, वसंतात जमीन कधी नव्हे ती ओली होती. मालकांना वाटलं हीच वेळ, आणि मे २०१७ मध्ये त्यांनी ८० एकरांवर डिस्क, म्हणजे गोल तव्यांचं औत, फिरवून ग्रीसवूड उखडून टाकलं. वरून दिसायला जमीन वाळलेली, चार बोटं खाली लोण्यासारखी. आपल्याकडचा शेतकरी मूठभर माती दाबून बघितल्याशिवाय औत घालत नाही, वाफसा म्हणजे काय हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण कुरणाच्या माणसाला नांगरटीची सवय नसते, त्यामुळे हा दोष मी त्यांना देत नाही. जूनमध्ये ती ८० एकर म्हणजे मुठीएवढ्या ढेकळांचं शेत झालं, हातोडीनं फुटत नव्हती. त्यावर बियाणं फेकलं होतं, ते उगवलं नाही. उगवलं ते हॅलोजेटन.

हॅलोजेटन हे मध्य आशियाकडचं तण, अमेरिकेत पहिल्यांदा १९३४ साली नेवाडातच वेल्स गावाजवळ सापडलं. त्यात ऑक्झलेट भरपूर, ते रक्तातला कॅल्शियम बांधून टाकतं, भुकेल्या मेंढ्यांनी पोटभर खाल्लं तर काही तासांत मरतात. धडधाकट बारमाही गवतापुढं ते टिकत नाही, पण जमीन उघडी करून दिली की त्याचंच राज्य. शिवाय त्याच्या काही बिया लगेच उगवतात आणि काही वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसतात. म्हणजे एका मे महिन्यातल्या तीन दिवसांच्या कामानं पुढच्या दहा वर्षांचं तण पेरलं गेलं.

खड्डे आणि काचेचा ग्लास

ऑक्टोबर २०१७ मध्ये मी गेले. माती नकाशात हा सगळा सेक्शन एकाच रंगाचा होता, एक युनिट, आणि मालकही 'खालची सपाटी' असं एकच नाव घ्यायचे. मी वरच्या कुंपणापासून खालच्या कोरड्या तळ्यापर्यंत एक सरळ रेघ धरून ११ खड्डे घेतले.

वरच्या अंगाला २० ते २५ सेंटिमीटर मऊ, पिठासारखी, वाऱ्यानं आणलेली माती आणि तिच्याखाली चिकण. मधल्या पट्ट्यात ती मऊ माती जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, आणि खाली एकदम खांब. खरंच खांब, चिकणमातीचे उभे, डोकी गोल गुळगुळीत, डोक्यांवर पांढरी पूड बसलेली, कुदळीचं टोक त्यांच्यावरून घसरतं. ज्यानं हे पुस्तकातच पाहिलंय त्यानं एकदा खड्ड्यात उतरून त्या डोक्यांवरून बोट फिरवावं, जास्त सोडियमचा थर काय चीज आहे ते कळतं. तळ्याजवळच्या पट्ट्यात मीठच मीठ, पाय टाकला की भुसभुशीत.

प्रत्येक खड्ड्यातलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ मी डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात अलगद सोडलं, न ढवळता, पिकअपच्या टेलगेटवर अकरा ग्लास ओळीनं. दोन तासांनी वरच्या अंगाचे ग्लास स्वच्छ, ढेकूळ विरघळून तळाला बसलेलं. मधल्या पट्ट्याच्या ग्लासात ढेकळाभोवती दुधाची सावली पसरत होती. तळ्याजवळचे ग्लास पहिल्या दिवशी स्वच्छच राहिले, कारण मीठ जास्त असलं की कण सुटे होत नाहीत, आणि इथंच माणूस फसतो की बघा खालची माती तर चांगली आहे. मालकीणबाईंनी अकराही ग्लासांचे फोटो काढले, आणि माझ्या मते त्या दिवशी लॅबच्या रिपोर्टपेक्षा त्या फोटोंनी जास्त काम केलं. नंतर लॅबनं मधल्या पट्ट्याचा सामू ९.३ दिला आणि विनिमय सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या घटकांतला सोडियमचा वाटा, २५ टक्के. चोपण म्हणायला १५ टक्के पुरतात, आणि आपल्या पूर्णेच्या काळ्या मातीत तर त्याहून बरंच कमी असलं तरी निचरा बिघडतो.

ही एक रेघ सोडून मी अजून एक गोष्ट करायला हवी होती, ती पुढं सांगते.

पर्याय

माझ्या तोंडात पहिला शब्द आला तो जिप्सम. आपल्याकडे चोपण म्हटलं की जिप्सम, शेणखत, धैंचा, चर, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हिशेब मांडला. या मातीची धारणशक्ती, म्हणजे सोडियम-कॅल्शियमसारखे घटक धरून ठेवायची ताकद, १०० ग्रॅमला ३० मिलिइक्विव्हॅलंट, सोडियम २५ वरून १० टक्क्यांवर आणायचा तर फूटभर खोलीसाठी एकरी साधारण ७ टन जिप्सम. ८० एकरांना ५६० टन. तेही एक वेळ बाजूला ठेवा. जिप्समचा कॅल्शियम सोडियमला हुसकावतो, पण हुसकावलेला सोडियम धुऊन खाली न्यायला पाणी लागतं, ढोबळ मानानं फूटभर मातीला फूटभर पाणी, ३०० मिलिमीटर, आणि तेही मुळांच्या खाली निघून जाणारं. पूर्णेच्या खोऱ्यात चार महिन्यांत सातशे-आठशे मिलिमीटर कोसळतो म्हणून तिथं निदान बोलायला तरी जागा आहे. इथं वर्षाचे १७०, तेही थोडे थोडे, आणि सिंचनाच्या पाण्याचा हक्क या जमिनीला नाही. मी घरून आणलेलं उत्तर पहिल्याच कागदावर बाद झालं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मालकांच्या चेहऱ्यावर तोवर आशा दिसायला लागली होती.

दुसरा पर्याय क्रेस्टेड व्हीटग्रास सगळीकडे पेरायचं. हे सायबेरिया-मध्य आशियाकडून आणलेलं गवत, थंडी-दुष्काळात टणक, एप्रिलमध्ये लवकर हिरवं होतं आणि वसंतातली चराई चांगली सोसतं. म्हणजे गरजेला अगदी बरोबर. पण खांबांच्या थरात त्याची मुळं शिरत नाहीत.

तिसरा फोरेज कोचिया, एक बुटकं झुडूपवजा चारापीक, क्षार सोसणारं. मला ते बाहेरचं आणि पसरणारं म्हणून नको होतं, मालकांना चाललं असतं. यावर आमचं एकमत झालं नाही, शेवटी बियाणंच वेळेवर मिळालं नाही म्हणून विषय मागे पडला.

चौथा बेसिन वाइल्डराय. हे इथलंच, जुनं गवत, छातीच्या वर वाढणारं, जाड बुंध्यांचं. क्षार आणि जड माती दोन्ही सोसतं, मात्र खाली थोडा ओलावा लागतो. या सेक्शनमधून एक जुना ओढा गेलाय, आता खोल खचलेला आणि बहुतेक कोरडा, त्याच्या दोन्ही काठांना अजून वाइल्डरायचे एकेकटे बुंधे उभे होते. मालकांचे आजोबा म्हणायचे की इथं घोड्यावर बसलं तरी गवत रिकिबीला लागायचं.

पाचवा, काहीच पेरायचं नाही, फक्त चराई बदलायची. हा पर्याय आम्ही कागदावर लिहिला आणि त्यावर पाच मिनिटंही बोललो नाही. आज ती वही बघताना तेच सगळ्यात जास्त खटकतं.

ठरलं असं की ओढ्याच्या दोन्ही बाजूंना ३४ एकर वाइल्डराय, त्यात डिस्क मारलेल्या पट्ट्याचाही भाग घ्यायचा, आणि उभं ग्रीसवूड उखडायचं नाही, पेरणीयंत्र जाईल एवढ्या पट्ट्या फक्त वरून छाटायच्या.

पहिली पेरणी

जुलै २०१८ मध्ये मार्टिन फायर लागली, साधारण ४ लाख ३५ हजार एकर जळाले, नेवाडाच्या नोंदीतली सगळ्यात मोठी आग. तिचा आमच्या खोऱ्याशी संबंध नव्हता पण पेरणीशी आला. जळालेल्या जमिनीवर पेरण्या निघाल्या, बियाणं मिळेना, पेरणीयंत्रवाला म्हणाला की मला ऑक्टोबरचा पहिला आठवडाच मोकळा आहे, नंतर थेट डिसेंबर.

इथं थंडीच्या तोंडावर पेरतात त्याचं कारण असं की बी मातीत पडून राहावं, हिवाळा झोपून काढावा आणि बर्फ वितळला की उगवावं. त्यासाठी माती पुरेशी गार हवी. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे लवकरच, हे मला माहीत होतं. मी मान हलवली, कारण बियाण्याचे पैसे गेले होते आणि वर्ष वाया घालवायचं नव्हतं. मग एक पाऊस झाला, पाठोपाठ आठवडाभर ऊब, आणि बी उगवलं. मालकांनी मला फोटो पाठवला, पोपड्यातून वर आलेल्या हिरव्या सुया, खाली नुसते आनंदाचे शब्द. मी काही बोलले नाही.

फेब्रुवारीत सकाळी गेले. दोन झुडपांच्या मधल्या उघड्या जमिनीवर गुडघे टेकून पाहिलं तर पोपडा बोटभर वर उचललेला, खाली बर्फाच्या उभ्या सुया, आणि त्या सुयांनी प्रत्येक रोपटं मुळासकट वर ढकललेलं. दीड इंच मूळ उघडं हवेत, टोक तेवढं मातीत. चिकणमाती पाणी धरून ठेवते, रात्री गोठते, दिवसा सैल होते, रोज रात्री थोडं थोडं वर. बोटानं नुसतं हलवलं की रोप हातात.

झुडपांच्या उंचवट्यांवर मात्र रोपं जिवंत होती, तिथं पाचोळ्याचं पांघरूण होतं. मला धीर आला. एप्रिलअखेर तीही पिवळी पडायला लागली, मे मध्ये टोकाकडून जळत आली आणि गेली. उंचवट्याची वरची माती घेऊन मोजली तर सामू ९.८, शेजारच्या उघड्या जमिनीचा ९.१. ग्रीसवूड खोलातून सोडियम ओढतं, पानात साठवतं, पान गळतं, आणि वर्षानुवर्षं तो सोडियम झुडपाखालीच साठत जातो. मऊ, काळसर, पाचोळ्याची, हाताला सगळ्यात छान लागणारी माती तीच होती आणि बाधली तीच. मी ऑक्टोबरमधली ती एक रेघ मोठ्या अंतराची काढली होती, झुडपापासून उघड्या जमिनीपर्यंतची दोन मीटरची रेघ काढलीच नव्हती. वर म्हटलं ते हेच.

पण त्या मे महिन्यात एक गोष्ट हाती लागली. जिवंत राहिलेली थोडीफार रोपं सगळी एकाच ठिकाणी होती, उंचवटा संपतो आणि पोपडा सुरू होतो त्या कडेला, पोपड्याच्या भेगांमध्ये. भेगेत वाऱ्यानं आलेली बारीक माती साठते, पोपडा फोडायची कटकट नाही आणि सोडियमही मधल्यासारखा. वरून बघितलं तर झुडपाभोवती हिरव्या दोऱ्यानं अर्धवट रिंगण शिवल्यासारखं दिसत होतं. मी आणि मालकीणबाईंनी एकेक रोप मोजलं, १०० झुडपांभोवती, दोन दिवस लागले.

म्हातारबाबा

मालकांचे वडील ऐंशीच्या पुढचे. ते पिकअपमधून उतरत नसत, काच खाली करून बघत बसायचे. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी मी पाण्यासाठी गाडीजवळ गेले तेव्हा ते म्हणाले, ''पोरी, तुम्ही सगळे खालीच काय शोधताय? साठ-पासष्ट साली आम्ही पूर्ण सेक्शन पेरला होता. खाली काही आलं नाही. वरचं अजून आहे.''

वरचा भाग, ती २० ते २५ सेंटिमीटर मऊ मातीची जमीन, साधारण ३०० एकर. आम्ही तिघं तिकडं गेलो. सेजब्रश नावाच्या झुडपांच्या मध्ये क्रेस्टेड व्हीटग्रासच्या ओळी, हो ओळीच, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या पेरणीयंत्राच्या, काही ठिकाणी दणकट बुंध्यांच्या. माझा सगळ्यात वरचा खड्डा या ओळींपासून ४० मीटरवर होता. गाई तिथं जात नव्हत्या कारण पाणी तीन किलोमीटर लांब, खालच्या हौदावर. व्यालेली गाय वासरू घेऊन एवढं चालत नाही, ती पाण्याच्या आसपासच रेंगाळते.

म्हणजे एप्रिलचं हिरवं गवत या सेक्शनवर होतंच. ज्याला आम्ही मातीचा प्रश्न धरून बसलो होतो तो या भागापुरता पाण्याच्या पाइपाचा प्रश्न होता. आणि उलट बाजूनं एक गोष्ट मला आधीच स्पष्ट बोलायला हवी होती: वाइल्डरायचा वाढीचा कोंब वसंतात लवकर उंचावर येतो, गाईनं त्या वेळी तो खाल्ला की बुंधा खचतो. म्हणजे ज्या महिन्यासाठी आम्ही ते पेरत होतो त्याच महिन्यात ते चारता येत नाही. मी हे पहिल्या मीटिंगला सांगितलं होतं, पण 'थोडी काळजी घ्यावी लागेल' अशा शब्दांत. मालकांनी ते बियाणाच्या पिशवीवर लिहितात तसल्या सूचनेसारखं ऐकलं, आणि त्यात त्यांची चूक नाही.

दुसऱ्यांदा

त्यानंतर कामं दोन भागांत गेली. वरच्या भागासाठी जनावरांच्या विहिरीवरून पाइप आणि दोन हौद. त्या पाण्याचा हक्क रँचकडे आधीपासून होता, काम २०२० च्या मार्चमध्ये पुरं झालं आणि त्याच एप्रिलला गाई वर सोडल्या.

खाली नोव्हेंबर २०१९ च्या मध्यावर परत वाइल्डराय पेरलं, रात्री जमीन कडक व्हायला लागली तेव्हा. या वेळी यंत्र सरळ रेघेत नाही नेलं. पेरणीवाल्याला उंचवट्यांची कड दाखवली, सुरुवातीला तो वैतागला, मग दुसऱ्या दिवशी मी सांगायच्या आधीच वळवायला लागला. खोली एक सेंटिमीटरच्या आसपास, एकरी साधारण ४ किलो बी. तळ्याकडचा डिस्क मारलेला तुकडा सोडून दिला. तो सोडताना मालकांना फार जड गेलं, कारण रस्त्यावरून दिसतो तो तोच, येणारे-जाणारे हॅलोजेटन बघतात आणि विचारतात.

२०२० च्या वसंतात उगवण चांगली झाली. मग दुष्काळ लागला, २०२० आणि २१ दोन्ही वर्षं इकडे भयानक कोरडी. वाइल्डरायचं रोप पहिली दोन-तीन वर्षं मूळच करत बसतं, वर चार पानं. कुंपण घातलं होतं, निदान तीन हंगाम आत काही सोडायचं नाही असं ठरलेलं.

एप्रिल २०२१ मध्ये गवताचा दर चढला, वरचा भागही त्या वर्षी लवकर आटपला, आणि मालकांनी खालचं फाटक उघडलं. नऊ दिवस. त्यांनी स्वतःहून मला फोन करून सांगितलं, आवाज पडलेला होता. जूनमध्ये मोजलं तर कायम ठेवलेल्या तपासणीच्या पट्ट्यांत जवळपास तिसरा हिस्सा रोपं कमी झाली होती. त्यातली किती दुष्काळानं आणि किती तोंडानं, हे मला वेगळं करता येत नाही, कारण शेजारी न चारलेला एकही तुकडा आम्ही ठेवला नव्हता. दहा बाय दहा मीटरचं जाळीचं कुंपण घालायला एक दुपार लागली असती.

नऊ दिवसांबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. २२० गाई भुकेल्या असताना फाटक बंद ठेवायचं हे कागदावर सोपं असतं.

आज काय आहे

२०२२-२३ चा हिवाळा परत बर्फाचा गेला आणि उरलेल्या वाइल्डरायनं एकदम अंग धरलं. ३४ पैकी साधारण २० एकर आज गवत म्हणता येईल असं आहे, उंची दीड मीटर, बाकीच्यात विरळ बुंधे. त्याचा वापर पूर्ण बदलला. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं उभं असताना पहिल्यांदा व्यायच्या गाई तिथं ठेवतात आणि एप्रिल लागायच्या आत बाहेर काढतात, वीतभर तरी बुंधा मागे ठेवून. चाऱ्याचा हिशेब लावला तर सगळ्या कळपाचे तीन-चार दिवस भरतील, जास्त नाही. पण मार्चमध्ये खोऱ्यातून जो वारा सुटतो त्यात ओलं वासरू उघड्यावर पडलं की गेलं, ते आता गवताच्या आडोशाला पडतं. या नव्या वापराच्या पहिल्या वर्षी मी गेले तेव्हा एका बुंध्याच्या दक्षिणेला गवत दाबून खोलगट घरटं झालेलं होतं, वासराच्या आकाराचं, हात लावला तर अजून कोमट.

वरचा ३०० एकरांचा भाग एप्रिलमध्ये १२ ते १४ दिवस देतो, चांगल्या वर्षी. रोज अडीच टनाप्रमाणे तीसेक टन विकतचं गवत वाचतं. संपूर्ण एप्रिल भागत नाही. मालकीणबाईंच्या वहीत लाल रेघा आहेत, पानाच्या अर्ध्यावर सुरू होतात.

डिस्क मारलेल्या ८० एकरांपैकी तळ्याकडचे ५० अजून हॅलोजेटन आणि चीटग्रास या दुसऱ्या तणाखाली आहेत. हॅलोजेटनही सोडियम वर आणून टाकतं, त्यामुळे तिथली वरची माती २०१७ पेक्षा आज वाईट आहे. न उखडलेल्या ग्रीसवूडच्या शेजारच्या जमिनीशी तुलना केली की जीव तुटतो. कुंपणाच्या एका बाजूला झुडपं, कडेनं थोडं सॉल्टग्रास, पोपडा शाबूत. दुसऱ्या बाजूला ऑगस्टमध्ये लालसर तण आणि हिवाळ्यात काहीच नाही, नुसती धूळ.

परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशी मी खड्डे घ्यायच्या आधी म्हातारबाबांच्या गाडीत बसून अख्खा सेक्शन फिरेन, आणि जुनी पेरणी कुठं टिकली ते आधी बघेन. पन्नास वर्षांचा प्रयोग फुकट करून ठेवलेला होता, तो वाचायचा सोडून मी कुदळ घेतली.

'कोणतं गवत' या प्रश्नाच्या आधी 'कोणत्या महिन्यात, किती दिवस, आणि तिथं पाणी आहे का' हे वहीत लिहीन. पाचव्या पर्यायावर अख्खी दुपार घालवेन. पाइप आणि हौदाचं काम २०१८ मध्येच झालं असतं तर दोन एप्रिल वाचले असते.

पेरणीयंत्र ऑक्टोबरमध्येच मोकळं असेल तर बी शेडमध्ये ठेवेन, वर्षभर थांबेन. तेव्हा बी थंड, कोरड्या जागेत ठेवून पुढच्या वर्षी पेरता आलं असतं, थोडी उगवण कमी झाली असती एवढंच. मी ते मोठ्यानं बोललेही नाही.

झुडपापासून उघड्या जमिनीपर्यंत दर वीतभर अंतरावर सामू मोजेन. खिशात मावणाऱ्या मीटरनं ते होतं. आणि काहीही करायच्या आधी जाळीचा एक तुकडा, ज्यात ना यंत्र जाईल ना गाय.

एका गोष्टीवर माझं आणि मालकांचं अजून जमत नाही. तळ्याकडच्या त्या ५० एकरांवर त्यांना परत काहीतरी करून बघायचंय, फोरेज कोचियाचं नाव पुन्हा निघालंय. मी म्हणते तिथं हात लावू नका, ग्रीसवूड आणि शॅडस्केल नावाचं इथलंच झुडूप कडेनं आत येतंय, दर वर्षी एखाद मीटर, त्याला येऊ द्या. त्यांचं म्हणणं की त्या हिशेबानं मुलीच्या मुलांनाही ते दिसणार नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणून कडेच्या ६ एकरांवर या नोव्हेंबरला तीन पट्ट्या ठरल्यात, एक कोचियाची, एक शॅडस्केलच्या बियांची, एक मोकळी, तिन्हींना जाळी. खुंट्या ठोकून झाल्यात. बियाणं शेडमध्ये टांगलंय, उंदीर लागू नयेत म्हणून तारेवर. सकाळी मालकीणबाई जमिनीत थर्मामीटर खुपसतात आणि मला आकडा पाठवतात, आजचा ९ अंश होता.